तीस वर्षांवरचं स्थळ

माझ्या लग्नाची चौकशी कधी झाली नाही. माझ्या नोकरीची मात्र झाली, आणि ती माझ्या वडिलांनी अगदी स्थळाची करावी तशी केली. आमचं सोलापुरात भुसार मालाचं दुकान होतं. घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी. माणूस असो की तुरीची डाळ, चार ठिकाणी विचारल्याशिवाय घ्यायची नाही, हा वडिलांचा नियम. मी गुजरातेत जाऊन फ्युजनवर काम करणार म्हटल्यावर ते मला घेऊन थेट पुण्याला माझ्या प्राध्यापकांच्या घरी गेले. हातात शेंगाचटणीची पिशवी होती. चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "सर, ह्यात पुढं काय हाय?"

सरांनी नीट समजावून सांगितलं. सूर्य ज्या रीतीने तळपतो त्या रीतीने इथे पृथ्वीवर वीज करायची. हायड्रोजनचे अणू एकमेकांत मिसळायचे, त्यातून उष्णता निघते. धूर नाही, हजारो वर्षं सांभाळत बसावा लागेल असा कचरा नाही, आणि इंधन समुद्राच्या पाण्यात पडलेलं आहे. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "किती दिवसांत?"

"पंचवीस-तीस वर्षांत नक्की," सर म्हणाले.

वडिलांनी मनाशी हिशेब केला. "म्हंजे आमी नसू. पण ही असंल."

सर हसले. ही असेलच, ही स्वतःच करेल, असं म्हणाले. परतीच्या गाडीत वडील खुशीत होते. पुढे आठवडाभर दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी ऐकवलं की तीस वर्षांनी पोरगी वीज घेऊन येणार आहे.

वडील गेले, दुकान गेलं आणि तीस वर्षंही गेली. मी सोलापूरला परत आले ती पेन्शन आणि दुखरे गुडघे घेऊन.

इतकी वर्षं तिथे काय केलंस, असं कोणी विचारलं तर मी सांगते, भोकं शोधली. थट्टा नाही, खरंच तेच केलं. फ्युजनसाठी वायू दहा कोटी अंशांच्या वर तापवावा लागतो. इतका तापलेला वायू ज्यात ठेवता येईल असं भांडं जगात नाही. म्हणून तो चुंबकांच्या जोरावर एका भल्यामोठ्या पोकळ कड्याच्या आत अधांतरी ठेवायचा, भिंतीला टेकू द्यायचा नाही. त्याआधी कड्यातली सगळी हवा उपसून काढावी लागते. एखाद्या सांध्यात केसाहून बारीक भोक राहिलं तरी हवा आत शिरते आणि सगळं मुसळ केरात. ते भोक शोधणं हे माझं काम होतं. बाहेरून एकेका सांध्यावर हेलियम वायूची बारीक फुंकर मारत जायचं आणि आतल्या यंत्राला तो जाणवतो का ते बघायचं. एक भोक बुजवलं की दुसरं सापडायचं. सगळं घट्ट झालं की एखाद्या दिवशी यंत्र चालायचं, आत गुलाबी उजेड पडायचा आणि आम्ही टाळ्या वाजवायच्या आत विझायचा. मग काहीतरी बिघडायचं, यंत्र पुन्हा उघडायचं, आणि येरे माझ्या मागल्या.

पहिली काही वर्षं मला हे काम फार आवडलं. खोटं कशाला सांगू, तो गुलाबी उजेड पाहून मी जेवण विसरायचे. पण हळूहळू एक गोष्ट अंगात भिनत गेली. आमचं यंत्र वीज करण्यासाठी नव्हतंच. ते शिकण्यासाठी होतं. परदेशात कितीतरी देश मिळून जे मोठं यंत्र बांधताहेत तेही वीज करणार नाही. वीज त्याच्या पुढचं यंत्र करणार आहे, आणि ते अजून कागदावरही धड उतरलेलं नाही. त्या मोठ्या यंत्राची तारीख माझ्या नोकरीत इतक्या वेळा पुढे गेली की मी ती लक्षात ठेवणं सोडून दिलं. परिषदेत कोणीतरी उठून म्हणायचंच, फ्युजन कायम तीस वर्षांवर असतं. सगळे हसायचे, मीही हसायचे. निवृत्त व्हायच्या सुमारास मला त्यावर हसू येईनासं झालं. माझ्या वडिलांना सांगितलेले तीस हेच होते, हे मला तेव्हा कुठे कळलं.

सोलापुरात माझं बरं चाललं आहे असं लोक म्हणतात. चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्या दिवशी मी दुसरं काही ठरवत नाही, आणि बाकीचे दिवस कसेही जातात. मध्ये एकदा परदेशातल्या एका प्रयोगशाळेत लेझरचा मारा करून फ्युजन घडवलं आणि लेझरने जेवढी ऊर्जा टाकली त्याहून जास्त बाहेर निघाली. पेपरात पहिल्या पानावर बातमी होती. खालच्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ पेढे घेऊन वर आले. मी त्यांना सांगितलं की तो लेझर चालवायला मुळात जी वीज लागली ती ह्या हिशेबात धरलेलीच नाही. ती धरली तर जेमतेम शंभरातला एक हिस्सा परत आला. त्यांनी पेढे टेबलावर ठेवले आणि गेले. आता ते जिन्यात भेटले की फक्त उन्हाळ्याबद्दल बोलतात. माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणायची, ते काही उगाच नाही.

घराजवळच्या कॉलेजात मी आठवड्यातून दोनदा एम.एस्सी.च्या मुलांना शिकवायला जाते. तिथे ती मुलगी होती. पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातली. वडिलांचे टॉवेलचे चार यंत्रमाग, आई घरातच साड्यांना फॉल-पिको करून देणारी. वर्गात मागच्या बाकावर बसायची आणि फारसं बोलायची नाही. प्रयोगशाळेत काचेची एक हंडी आणि तिच्यातली हवा काढायचा पंप वर्षानुवर्षं धूळ खात पडला होता. सगळ्यांच्या मते पंप गेला होता. पंप गेला नव्हता, कुठून तरी हवा आत येत होती. मी तिच्या हातात स्पिरिटचा बोळा दिला आणि म्हटलं, सांध्यांवरून फिरव, जिथे दाबमापकाची सुई हलेल तिथे भोक. तिने एक फेरी केली, काही झालं नाही. बाकीची मुलं चहाला गेली. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी अजून सावकाश. सुई हलली तेव्हा तिने हाकसुद्धा मारली नाही. बोळा बाजूला घेतला, सुई जागेवर येऊ दिली, परत लावला, परत हलली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, हितंच हाय."

मला घरी येऊन रडू आलं. मला मूल नाही आणि त्याची हळहळही कधी वाटली नाही. पण आपल्या हातातलं काम कोणाच्या तरी हातात ठेवून जावं ही भूक असते, ती मला त्या दिवशी कळली. मोठ्या-मोठ्या पदव्या घेतलेल्यांना दुसरी फेरी करायचा कंटाळा येतो हे मी आयुष्यभर पाहिलं होतं. ही केवळ कुठे चुकलं ते कळावं म्हणून पहिल्यापासून सुरू करणारी होती. मी तिला शिकवू लागले, कॉलेजच्या वेळेतही आणि घरीही. पुढच्या वर्षी गुजरातेतल्या आमच्याच संस्थेत पीएच.डी.साठी तिची निवड झाली. त्याच सुमारास बँकेत क्लार्क म्हणूनही झाली. ती मला पहिली बातमी सांगायला आली तेव्हा हसत होती, दुसरी सांगताना नव्हती.

"मॅडम, अम्मा तुमच्याकडं येणार हाय. चौकशीला."

"कसली चौकशी?"

"तुमच्या त्या सूर्याची."

तिने जावं असं मला वाटत होतं. एवढं एकच वाटत होतं. मी विझले होते, पण ती पेटावी असं वाटत होतं, आणि त्यात काही विसंगती आहे हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

ठरलेल्या दिवशी त्यांच्या भागात पाणी आलं, म्हणून ते दुसऱ्या दिवशी आले. एप्रिलची दुपार होती. आई आली आणि आईचा मोठा भाऊ, म्हणजे मुलीचा मामा. वडिलांना माग सोडून येता आलं नव्हतं. मामांचं टॉवेल-चादरींचं मोठं दुकान आणि त्यांच्या मुलासाठी ही भाची लहानपणापासून बोललेली. त्यांच्यात मामाचा पहिला हक्क असतो. आमच्यातही असतो, माझ्या थोरल्या बहिणीला मामाच्याच घरी दिली. त्यामुळे मामा कशाला आले आहेत ते मला न सांगता कळलं. आई भावाच्या बाजूचीच असणार हेही मी धरून चालले. मुलगी स्वयंपाकघरात चहा करत होती.

आई ठसठशीत बाई होती, आवाज मोठा. बसल्या-बसल्या म्हणाली, "मॅडम, आमच्यात म्हणतात, शंभर खोटं बोला पण एक लग्न जमवा."

"आमच्यात हजार म्हणतात," मी म्हटलं. कानडीत हजारच आहे.

"मग बघा की. पण तुमी मला एकबी खोटं सांगू नका. पोरीचा प्रश्न हाय."

मला ती बाई आवडली. मी म्हटलं, विचारा.

तिने स्थळाचंच विचारलं. "ह्याचं वय काय म्हणायचं?"

"सत्तरच्या पुढे गेलं."

"आन कमावतं काय?"

"अजून काही नाही."

"मग चालतंय कुणाच्या जिवावर?"

"सरकारांच्या."

"व्यसन?"

"विजेचं," मी म्हटलं. "देतं त्याच्या कितीतरी पट खातं."

मामा मिशीत हसले. मलाही माझं बोलणं आवडलं, हे मी कबूल करते. इतक्या वर्षांत फ्युजनबद्दल इतकं नेमकं मी कुठल्या परिषदेतही बोलले नव्हते.

मग मामांनी विचारलं, "मॅडम, आमी दुकानाच्या पत्र्यावर सोलर बसवलंय. सूर्य वरनं फुकट देतोय की. मग त्यो डब्यात कशाला करायचा?"

हा प्रश्न मला आयुष्यभर प्रत्येक नातेवाइकाने विचारलेला आहे. मी उत्तर दिलं. रात्री काय करायचं, पावसाळ्यात काय करायचं, पोलादाच्या भट्ट्या कशावर चालवायच्या. सगळं बरोबर होतं. पण पाठ केल्यासारखं वाटलं, मला स्वतःलाही. मधेच वीज गेली आणि कूलर थांबला. त्यावर कोणी काही बोललं नाही याचं मला बरं वाटलं.

मुलीने चहा आणून ठेवला आणि ती दाराशी उभी राहिली. आईने कप उचलला नाही. ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या डोळ्यांदेखत व्हईल हे?"

"नाही."

"माझ्या?"

"मला नाही वाटत."

मग ती जराशी पुढे सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आन पोरीच्या?"

इथेच घोडं पेंड खात होतं. "होईल" एवढा एक शब्द पुरला असता. तो खोटा आहे असं कोणीही सिद्ध करू शकलं नसतं, मीसुद्धा नाही. पण तो खरा आहे हेही मला माहीत नव्हतं. तारखा पुढे गेलेल्या मी पाहिल्या होत्या. माझ्याबरोबरची माणसं अजून एक यंत्र, अजून एक यंत्र करत म्हातारी झालेली पाहिली होती. आणि समोरच्या बाईने मला खोटं बोलू नका म्हटलं होतं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "होईलही. नाहीही होणार."

चौकशीत ह्याचा अर्थ काय होतो ते सोलापुरात कोणालाही विचारा. मुलाबद्दल विचारल्यावर शेजाऱ्याने "तसं बरं आहे, तुम्ही बघा" एवढं म्हटलं की त्या घराची पायरी कोणी चढत नाही. मामांनी गुडघ्यांवर हात टेकले आणि उठले. "लई उपकार झाले मॅडम. खरं बोलणारी माणसं आता ऱ्हायली न्हाईत." ते मनापासून म्हणाले. आई आणखी क्षणभर बसून राहिली. मला वाटलं ती अजून काही विचारेल. मग तीही उठली. मुलीने सगळे कप उचलून नेले, धुतले, पालथे घातले आणि आईच्या मागोमाग जिना उतरून गेली.

ती बँकेत लागली. शाखा टेंभुर्णीची, रोज एस.टी.ने जाणं-येणं. जायच्या आधी पेढे द्यायला आली. म्हणाली, "मॅडम, तुमी खरं तेच सांगितलं. मला राग न्हाय." राग असता तर मला परवडला असता. गुजरातेतून माझ्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला, तुमची मुलगी का आली नाही म्हणून. मी म्हटलं, घरच्यांचं जमलं नाही. तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलाला गेली. कॉलेजातली काचेची हंडी कोणीतरी पुन्हा कपाटावर चढवून ठेवली. मी अजून आठवड्यातून दोनदा जाते, शिकवते, परत येते. वर्गात हुशार मुलं आहेत. ती मला विचारतात, कुठल्या कंपनीत घेतात. मी सांगते.

खरं सांगायचं तर त्या दुपारनंतर माझ्यात काहीच शिल्लक राहिलं नाही. यंत्रं उशिरा होतात त्याचं दुःख जुनं होतं, त्याची सवय झाली होती. पण मागे कोणीच नाही हे नवीन होतं. भोक शोधायची माझी रीत, हात किती संथ ठेवायचा, आतलं मोजमाप हलायला किती वेळ द्यायचा, हे सगळं आता माझ्याबरोबर स्मशानात जाणार. कोणाचं फार अडेल असं नाही. पण माझं आयुष्य त्यातच गेलं आहे, आणि ते गेलं कुठे हे मला स्वतःला दाखवता येत नाही.

माघात तिची आई आली, एकटी. लग्नाची पत्रिका द्यायला. मामाच्या मुलाशीच ठरलं होतं. बसली, पाणी प्यायली. पत्रिकेवर अक्षता ठेवून माझ्या हातात दिली.

"पोरगा चांगला हाय," ती म्हणाली.

"हो, चांगला आहे," मी म्हटलं. तो खरंच चांगला आहे. लग्नानंतरही तिने नोकरी करावी असं त्यानेच आधी सांगितलं.

ती उठेल असं मला वाटलं, पण ती उठली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी तुमी असं का केलं?"

"काय केलं?"

"खरं बोलला."

मी म्हटलं, "तुम्हीच म्हणालात की एकही खोटं सांगू नका."

"ते म्हणायचंच असतंय की," ती म्हणाली. "समोर भाऊ बसला हुता. त्याच्यासमोर मी काय म्हणू, मॅडम खोटं बोला म्हणून? मीच त्याला घेऊन आले हुते तुमच्याकडं. तुमी पोरीकडच्या म्हणून. तुमी व्हईल म्हणला असता, तर तेवढं धरून मी घरी जाऊन भांडले असते. भावाशी, ह्यांच्याशी, समद्यांशी. माझ्या हातात कायतरी पायजे हुतं की."

आमच्या घरात किती चौकश्या झाल्या, किती वेळा मी ताट-वाट्या मांडत ते ऐकलं होतं. "खरं काय ते सांगा बरं का" असं प्रत्येक जण म्हणतो, आणि आपल्या बाजूचा माणूस त्यावर पदरचे दोन शब्द घालून बोलतो, हे मला का ठाऊक नव्हतं? मी तिला सांगू लागले की शास्त्रात जे माहीत नाही ते माहीत नाही असंच म्हणावं लागतं. वाक्य पुरं व्हायच्या आत मलाच ते ऐकवेना.

मी चुकले असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. उत्तर तेच होतं. चुकले असते तर बरं झालं असतं, माफी मागून मोकळी झाले असते.

ती म्हणाली, "तुमच्या वडलांनी न्हवती केली का चौकशी?"

"केली होती."

"मग त्यास्नी काय सांगितलं?"

"तीस वर्षांत होईल म्हणून."

"झालं?"

"नाही."

तिने मान हलवली. रागावली नव्हती, आवाजही वाढला नाही. "खोटं तर खोटं. पण त्या खोट्यावर तुमाला तीस वर्षं मिळाली की मॅडम. माझ्या पोरीला तुमी एक दिवसबी दिला न्हाय."

मग ती उठली. लग्नाला नक्की या म्हणाली, आणि पिशवीतल्या उरलेल्या पत्रिका नीट करून पुढच्या घरी गेली.